मधोमधची ओल : पुरात भिजलेल्या एका गोधडीचं प्रकरण

23 सप्टेंबर 2023, शनिवार. आदल्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचं जेवण झालेलं. रात्री दोननंतर नागपुरात जो पाऊस लागला, त्याने काही तासांतच 100 मिलिमीटरचा आकडा ओलांडला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली आणि तलावाच्या खालच्या अंगाची घरं झोपेतच पाण्यात गेली. माझं घर मानेवाड्याकडे आहे, आमच्याकडे फक्त अंगणात पाणी साचलं. सकाळी अकराला फोन आला तो कार्पोरेशन कॉलनीतून. माझ्याकडे चार वर्षांपासून गोधडी शिकायला येणाऱ्या एक ताई. आवाज बसलेला.

"ताई, दिवाण बुडाला न. आजींची गोधडी आतच होती."

आजी म्हणजे त्यांच्या सासूबाई, वय 84. त्या गोधडीचं पुढे सहा आठवडे काय काय झालं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. भिजलेली गोधडी वाचवायची म्हणून आपण जे पटकन करतो, त्यातलं बरंचसं चुकीचं असतं. या प्रकरणात माझंही एक चुकलं, आणि ती चूक भल्याभल्यांकडून होईल अशीच आहे. गोधडी बाहेरून वाळते आणि मधोमध सडते.

गोधडी कोणती

ही गोधडी मला आधीपासून माहीत होती. खरं सांगायचं तर मला ती हवी होती. डिसेंबर 2019 मध्ये ताईंनी ती वर्गात दाखवायला आणली, तेव्हा मी दोन तास तिच्यापाशी बसून होते आणि शेवटी न राहवून मागितली. ताई हसून म्हणाल्या, "आजी आहेत तोवर नाही." मग मी माझ्या वहीत तिची नोंद तेवढी करून घेतली.

ही वही म्हणजे माझा संग्रहच. घरात आज 31 जुन्या गोधड्या आहेत. त्यातल्या सात भांडेवालीकडून आल्या. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बायांना मी सांगून ठेवलंय की गोधडी आली तर चिंध्या करायला देऊ नका, आधी मला दाखवा. बाकीच्या ओळखीपाळखीतून, काही नव्या गोधडीच्या बदल्यात. पण मिळालेली असो की नुसती पाहिलेली, प्रत्येक गोधडी वहीत जाते. लांबी-रुंदी, वजन, थर किती, बोटभर रुंदीत टाके किती, कापड कोणतं, कोणी शिवली, तिच्यावर कोण झोपायचं. वजन मी सामान तोलायच्या लटकत्या काट्यावर करते. पुष्कळ जणींना हे विचित्र वाटतं. मला वाटत नाही. फोटोत गोधडीचं तोंड दिसतं, वजनात तिचं पोट कळतं.

या गोधडीची नोंद अशी होती : लांबी 7 फूट 2 इंच, रुंदी 4 फूट 10 इंच, वजन 2 किलो 640 ग्रॅम. वरून सुती लुगड्यांचे आणि सदऱ्यांचे तुकडे, तांबडा, हिरवा, जांभळट निळा. खालून एका फिकट लुगड्याचं अस्तर, दोन पन्हे जोडलेलं, सांधा लांबीत, जवळजवळ मधोमध. कापडात टेरिकॉट किंवा नायलॉन कुठेही नाही, सगळं सूत. शिवण कडेपासून सुरू होऊन फेर घेत घेत आत गेलेली. कडेला बोटभर रुंदीत चार टाके, मध्याकडे तीन. हात दमत गेला की टाका लांबतो, ते जुन्या गोधड्यांत सहज वाचता येतं. शेवटी मी एक ओळ लिहिली होती : "मध्यभाग हाताला जाड लागतो, आत काहीतरी जास्त आहे." चार वर्षांनी या ओळीचा अर्थ उलगडला.

पहिले तीन दिवस

फोन येईपर्यंत घरच्यांनी गोधडी पिळली होती आणि गच्चीच्या तारेवर टाकली होती. त्यांना दोष कोण देईल? घरात गुडघाभर गाळ, देव्हाऱ्यासकट सगळं भिजलेलं. पण नेमकं तारेवरच तिचं नुकसान झालं. सुती कापडाची गंमत अशी की ओलं सूत कोरड्या सुतापेक्षा जास्त ताण सोसतं, म्हणून धोब्याची आपट सुती धोतर वर्षानुवर्षं सहन करतं. गोधडीचं दुखणं वेगळं. ती स्वतःच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट पाणी धरून बसते, आणि तारेवर ते सगळं वजन एका रेषेवर येतं. अस्तर त्या रेषेत दीड वीत फाटलं होतं.

मी फोनवर सांगितलं : तारेवरून काढा, दोघींनी खालून झेलून काढा, पिळू नका, मच्छरदाणीत ठेवून टबात घालून आणा. संध्याकाळी ताईंचा मुलगा स्कूटरवर टब मांडीत धरून आला. वजन केलं, 8 किलो 200.

पुराचं पाणी म्हणजे नाल्याचं पाणी, त्यामुळे हातमोजे घातले. गाळ वाळू द्यायचा नाही हा पहिला नियम. वाळलेली माती धाग्याच्या पिळात बसते आणि प्रत्येक घडीला आतून घासते. अंगणात खाट टाकली, खाटेवर मच्छरदाणी, तिच्यावर गोधडी पसरली आणि झारीने स्वच्छ पाणी. चोळायचं नाही, दाबायचं आणि निथळू द्यायचं. पाणी नितळ यायला दीड तास लागला. साबण लावला नाही, कारण ओल्या पांढऱ्या फडक्याने तांबडा तुकडा मिनिटभर दाबला तर फडक्यावर गुलाबी ठसा उठला. तो रंग सुटणारा होता. अशा वेळी कोणीतरी मीठ नाहीतर व्हिनेगर घाला म्हणतंच, म्हणून इथे लिहून ठेवते : सुती कापडातला सुटलेला रंग घरच्या मिठाने किंवा व्हिनेगरने पक्का होत नाही. त्याने फक्त आपल्याला काही केल्यासारखं वाटतं. मी तांबड्या तुकड्यांच्या वर-खाली जुन्या धोतराच्या घड्या ठेवल्या आणि त्या दर अर्ध्या तासाने बदलल्या. झोपायला पहाटेचे तीन वाजले.

रविवार, सोमवार गोधडी वर्गाच्या खोलीत आडवी, खाली जाळी, दोन पंखे. उन्हात टाकली नाही. ऊन थर वरून कडक करतं आणि तांबडा रंग उडवतं. दर तीन तासांनी उलटायची. मंगळवारी संध्याकाळी हात फिरवला तर कोरडी ठणठणीत, लुगड्याला तो जुना मऊ खरखरीतपणाही आला होता. मी खूश झाले. तिची तिहेरी घडी केली आणि कपाटावर ठेवली.

चूक झाली ती इथेच. मी हातावर विश्वास ठेवला. काटा खुंटीला लटकत होता, वही टेबलावर होती, दोन्हीकडे पाहिलं नाही.

बुधवार

आमचा वर्ग सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी दोन ते साडेचार. उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ, कारण मे महिन्यात नागपुरात दुपारी घामाने सुई हातात टिकत नाही. या गटात सहा जणी. नव्या जणी येतात त्या मोबाइलवर पाहिलेलं चौकटींचं सुबक डिझाइन घेऊन, चाकासारखं फिरणारं कटर आणि चटई घेऊन. मी त्यांना पहिला महिना पट्टी वापरू देत नाही. चिंध्या, सुई, सुताचा दोरा आणि जमिनीवर बसणं. आधी हाताला कापड कळू दे. त्या सगळ्या नंतर मशीनवरही उत्तम काम करतात, पण जुनी गोधडी दुरुस्त करायला बसल्या की पहिल्या महिन्याचा उपयोग होतो.

त्या बुधवारी 27 तारीख होती. आत येताच एक जण थांबली. ती रुग्णालयात परिचारिका होती, निवृत्त झालीय. म्हणाली, "ताई, इथे ओल्या पोत्याचा वास येऊन राहिला."

मला वास येत नव्हता. चार दिवस त्या खोलीत होते, नाक सरावलं होतं. घडी खाली काढली, उघडली. मधल्या घडीत, अस्तराच्या बाजूने, मोहरीएवढे काळे ठिपके. काट्यावर लावली : 3 किलो 210. वही उघडली : 2 किलो 640.

म्हणजे साडेपाचशे ग्रॅमच्या वर फरक. थोडा गाळ असेल, पण अर्धा किलो गाळ धुतलेल्या गोधडीत राहत नाही. ते पाणी होतं, आणि ते सगळं मध्ये होतं. ओल्या कापडावर बुरशी धरायला दोन दिवस पुरतात, मी तिला चार दिवस दिले होते आणि वरून घडी घातली होती.

यावर मार्ग दोनच. तशीच पंख्याखाली ठेवून वाट पाहायची, नाहीतर उसवायची. वर्गात वाद झाला आणि तो होणं बरोबरच होतं. दोघींचं म्हणणं, आजींच्या हातचे टाके आहेत, ते आपण कसे काढायचे? एक मुलगी रडवेली झाली. मलाही ते नको होतं. मी आजवर एकही जुनी गोधडी उसवली नव्हती. पण टाका राखायचा म्हणून कापड सडू दिलं तर टाका कशावर राहणार? ताईंना फोन केला. त्यांनी आजींना विचारलं. मागून आजींचा आवाज आला तो मलाच ऐकू आला : "उसवा म्हणा. म्याच शिवली न थे. उसवून शिवता येत नाही असं काय हाय त्यात?"

जिथे संपली तिथून

उसवायची कशी, हे गोधडीच सांगते. शिवण कडेकडून आत गेलेली असते, म्हणजे शेवटची गाठ मधोमध. कर्नाटकातल्या सिद्दी बायकांची कवंदीही अशीच कडेपासून मध्याकडे येते, कोपऱ्यांवर त्या दुमडलेल्या कापडाची फुलं बसवतात. आपल्याकडे कोपऱ्याला फूल नसतं, पण चाल तीच. त्यामुळे कडेला हात न लावता, मधल्या गाठीपासून उलटे फेर सोडवत बाहेर यायचं. शिवणारी जिथे थांबली, तिथून आपण सुरू करायचं. गोधडीची कड आणि कोपरे जसेच्या तसे राहतात, ताण धरून ठेवतात.

आधी नोंद केली. वीतवीतभराचे फोटो, बाजूला इंचपट्टी ठेवून. बटर पेपरवर मधल्या भागाच्या ओळी पेन्सिलने उतरवल्या. मग गाठ शोधली. सापडायला वीस मिनिटं गेली, कारण ती वर नव्हती, एका निळ्या ठिगळाखाली सरकवलेली होती. दुहेरी गाठ, आणि दोऱ्याचं शेपूट दोन थरांच्या मध्ये दडवलेलं. पन्नासएक वर्षांपूर्वी हे करणाऱ्या बाईला ते कोणी पाहणार आहे असं वाटलं नसणार, तरी तिने ते नीट केलं होतं.

अकरा फेर सोडवले. निघालेला दोरा बशीत ठेवला, टाकला नाही. मग अस्तराचा सांधा दोन वीत उघडला आणि आत हात घातला.

हाताला थंड लागलं. आत दुसरी गोधडी होती.

लहान, तान्ह्या बाळाच्या दुपट्याएवढी, अडीच फूट बाय तीन फूट. मोठीच्या मधोमध चार कोपऱ्यांवर सैल टाके घालून बसवलेली. जुनी झालेली गोधडी नवीच्या पोटात घालायची रीत आहे, माझ्या संग्रहात अशा तीन आहेत, पण त्या फाटके तुकडे म्हणून घातलेल्या. ही अख्खी होती. चार थर धोतराचे आणि मांजरपाटाचे, आणि टाके इतके जवळ की बोटभर रुंदीत सात. पाणी तिथे का अडकलं ते लगेच समजलं. मोठीचे थर सैल, त्यांच्यात हवा खेळते. या लहानगीचं शिवण इतकं दाट की ती फेल्टसारखी झाली होती, आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाटच नव्हती. मी चार दिवस वरचं कापड वाळवत होते.

बाहेर काढून तिला तिरपी धरली तेव्हा एका कोपऱ्यात मांजरपाटावर निळसर शिक्का दिसला. गिरणीचं कापड ताग्याच्या टोकाला शिक्का मारून येत असे, तसा. अक्षरं पुसलेली, अर्धा गोल आणि खाली काही आकडे एवढंच. आजींचे यजमान एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते हे ताईंनी पूर्वी सांगितलं होतं. जमशेदजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला सुरू केलेली ही गिरणी 2002 मध्ये बंद पडली, गांधीसागराजवळ तिच्या जागी आता मॉल आहे. शिक्का तिथलाच आहे असं मी म्हणणार नाही, अक्षर लागत नाही तोवर तो फक्त शिक्का आहे. वहीत तसाच काढून ठेवला आहे.

दुरुस्ती

दोन्ही गोधड्या वेगवेगळ्या वाळवल्या. या वेळी रोज सकाळ-संध्याकाळ काटा. वजन सलग तीन दिवस हललं नाही तेव्हाच वाळली असं धरलं. लहानगी 510 ग्रॅमवर थांबली, मोठी 2 किलो 170 वर. दोन्हींची बेरीज जुन्या वजनापेक्षा 40 ग्रॅम जास्त, तो राहिलेला गाळ. काळे ठिपके पूर्ण सुकल्यावर अंगणात, तोंडाला मास्क बांधून, मऊ ब्रशने झाडले. ओली बुरशी कधी पुसू नये, पसरते. फिकट डाग राहिले. ब्लीच लावलं असतं तर गेले असते, आणि त्यांच्याबरोबर कापडही गेलं असतं.

तारेवर फाटलेल्या दीड वीत जागेला आतून ठिगळ दिलं. त्यासाठी नवं कापड घेतलं नाही. नवं मांजरपाट पहिल्या धुण्यात आटतं आणि जुन्या अस्तराला ओढतं. माझ्या चिंध्यांच्या पेटीत तेवढंच झिजलेलं एक लुगडं होतं, त्याचा तुकडा. दोरा सुती, मेण लावलेला. पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो हे खरं, पण झिजलेल्या कापडात तो करवतीसारखा चालतो. तुटायचंच असेल तर दोरा तुटावा, कापड नाही. सुई जुन्या भोकांतूनच घातली, बटर पेपर समोर ठेवून. त्या अकरा फेरांना ऑक्टोबरचे अकरा वर्ग लागले. सहाही जणींनी एकेक, दोनदोन फेर घातले. रडवेली झालेली ती मुलगी सर्वांत जास्त बसली. आजींसारखा तीन टाक्यांचा सैल हात कोणालाच जमत नव्हता, सगळ्यांचे टाके बारीक येत होते. शेवटी मी म्हटलं, येऊ द्या. पुढे कोणी पाहील तर तिला कळू दे की इथे दुसरे हात आहेत.

आता लहानगीचं काय? माझं मत स्पष्ट होतं. ती परत आत घालू नये. पुन्हा ओल लागली तर पुन्हा तिथेच साचणार. परिचारिका ताई माझ्या बाजूने होत्या. एकीने काचेच्या चौकटीत लावायचं सुचवलं. आणि माझ्या मनात वहीतली पुढची रिकामी ओळ होती, हे मी लपवत नाही. इतकं दाट हाताचं काम मी नागपुरात दुसरीकडे पाहिलेलं नाही.

ताई म्हणाल्या, आजींनाच विचारा. मी दोन्ही गोधड्या घेऊन गेले. कार्पोरेशन कॉलनीत तेव्हाही भिंतींवर पाण्याची रेघ होती. आजींनी लहानगी मांडीवर घेतली, उलटीपालटी केली.

"पाचही लेकरं याच्यावरच वाढली माही. मंग झिजली. फेकाव कशी? मोठीच्या मधात घातली. झोपणाऱ्याच्या पाठीले बरोबर लागते थे."

म्हणजे ती भरताड नव्हतीच. नेमक्या जागी, पाठीखाली, मुद्दाम ठेवलेली होती. मध्य जाड लागतो असं मी लिहिलं होतं, आणि जाड कशासाठी हे विचारायचं मला चार वर्षं सुचलं नाही. वहीत आता एक रकाना वाढवला आहे : "शिवणारीला विचारलं का?"

ती परत आत गेली. मात्र अस्तराचा सांधा मी शिवून बंद केला नाही. दोन वीत जागेत सुती नाड्यांच्या चार जोड्या लावल्या, उशीच्या अभ्र्याला असतात तशा. दर उन्हाळ्यात लहानगी बाहेर काढायची, दोन दिवस सावलीत टाकायची, परत घालायची. आजींना नाड्या पटल्या. माझं पूर्ण समाधान झालेलं नाही, ओल लागू नये याची काळजी आता ताईंनीच घ्यायची आहे.

माझ्या घरात झालेला बदल

या प्रकरणानंतर मी माझ्या 31 गोधड्या एका रविवारी खाली काढल्या आणि तोलल्या. चार गोधड्या नोंदीपेक्षा जड निघाल्या, दीडशे-दोनशे ग्रॅमने. पुरात भिजल्या नव्हत्या. विचार केला तेव्हा लक्षात आलं, कपाट ज्या खोलीत आहे तिथे मार्च ते जून कूलर चालतो. आपल्याकडची उन्हाळ्याची हवा कोरडी, म्हणून कूलर लागतो, आणि कूलर म्हणजे खोलीभर पाण्याची वाफ. चार महिने ती हवा कपाटात शिरते, लगेच पावसाळा लागतो. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेल्या दोन गोधड्या त्या चारांत होत्याच. पिशवी ओल बाहेर ठेवत नाही, आत कोंडते. आता कपाट मधल्या खोलीत आहे, जिथे फक्त पंखा आहे. गोधड्या जुन्या सुती चादरीत गुंडाळलेल्या, डांबरगोळी कापडाला टेकवलेली नाही. दर तीन महिन्यांनी घडी बदलते, म्हणजे एकाच रेषेत कापड मोडत नाही. त्या दिवशी काटाही कपाटाच्या दारालाच टांगला.

ज्यांच्याकडे दिवाणात गोधड्या आहेत त्यांनी आज एक तोलून वजन लिहून ठेवावं. साधा काटा पुरतो. कोरडी असताना किती भरते हे माहीत नसेल तर ओली आहे हे कशावरून ओळखणार?

परत

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात गोधडी पोचवली. 2 किलो 690, नाड्या आणि ठिगळ धरून. ताईंनी नवीन दिवाण घेतला होता, पण गोधडीसाठी भिंतीत उंचावर फळी ठोकून घेतली होती. आजी म्हणाल्या, फळीवर मंग ठेवजा, आधी इकडे आणा. पलंगावर पसरली. आजींनी वरच्या ठिगळांकडे पाहिलंही नाही. तळवा पालथा करून मधोमध फिरवत नेला, लहानगीच्या कडेपाशी थांबल्या, चारही कोपरे एकेक करून चाचपले.

"थोडी डावीकडं सरकली," म्हणाल्या.

मी नाड्या सोडल्या, आत हात घालून दोन बोटं उजवीकडे घेतली, आणि पुन्हा बांधल्या.